आधी कंबर तपासून घे, मग व्यायाम

अमरावती

चि. सौ. बबी,

तुझं पत्र मिळालं. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी सरकली आहे, पण डॉक्टर ऑपरेशन नको, व्यायाम कर म्हणाले, हे वाचून जीव भांड्यात पडला. मोबाइलवर पाहून घरीच पिलाटीस सुरू करू का, असं तू विचारलंस. पिलाटीस जरूर कर. पण फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली कर. तुमच्या अकोल्यात असे लोक आहेत. पैसा आणि वेळ दोन्ही जाईल, हे मला कळतं, तरी सांगते.

या व्यायामाची सुरुवातच दुखणाइतांजवळ झाली. जोसेफ पिलाटीस 1883 साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी तो बेजार होता. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं. तिथे खाटांना स्प्रिंगा बांधून अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडून त्याने व्यायाम करून घेतला, असं सांगतात. पुढे न्यूयॉर्कला दुखापत झालेले नर्तक त्याच्याकडे येत. पण तो डॉक्टर नव्हता. कंबर जमिनीला सपाट टेकवायची, असं तो शिकवी. आजचे फिजिओथेरपिस्ट बहुधा कमरेचा नैसर्गिक बाक राखून शिकवतात. उताणं निजून एकेक मणका उचलत उठून बसायचा त्याचा प्रकार धडधाकट माणसाला चालतो. तुझ्यासारखी गादी सरकलेली असली तर पुढे वाकण्याने पायातली कळ वाढू शकते. सासूबाईंची हाडं ठिसूळ झाली आहेत म्हणतेस, तर त्यांना हौसेने सोबत बसवू नकोस; अशा वाकण्याने मणका पिचायची भीती असते. समोर कोण निजलं आहे, हे मोबाइलला दिसत नाही.

शिकवणाऱ्याचा डोळा हवा, हे आपल्या अमरावतीला नव्याने सांगायला नको. वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, 1936 साली मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. ती सगळी पोरं वस्तादाच्या डोळ्यांसमोर तयार झाली. मल्लखांबाजवळ उभ्या वस्तादाला पोराची पकड सुटायच्या आधीच कळतं. तुझ्या कमरेला तसाच डोळा हवा.

चांगला फिजिओथेरपिस्ट तपासल्याशिवाय व्यायाम देत नाही. आधी वाकायला लावेल, पाय सरळ उचलून पाहील, अंगठ्याची ताकद आणि पायाची जाणीव तपासेल. मग एखादा साधाच प्रकार देईल. उताणी नीज, गुडघे वाकव, दोन बोटं कमरेच्या पुढच्या हाडाच्या जरा आत ठेव. तोंडाने श्वास सोडत ओटीपोट हलकेच आत घे, बोटांखाली ताण जाणवेल. आता एक पाऊल वीतभर उचल. पोट फुगून वर आलं तर चुकलं. काही ठिकाणी कमरेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिला जोडलेल्या दाबमापकाचा काटा 40 वर आणतात. पाय उचलताना काटा फार सरकला की कंबर हलली, हे तुला स्वतःलाच दिसतं. पोटाचा सर्वांत आतला स्नायू आणि मणक्यालगतचे बारीक स्नायू असे हळूहळूच जागे होतात. यासाठी महागडं यंत्र लागत नाही, सतरंजी पुरते.

माणूस निवडताना फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचार. विचारायला लाजू नकोस. त्यांनी पिलाटीसऐवजी दुसरा व्यायाम दिला तरी हिरमुसू नकोस. 2015 साली कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरच्या 10 चाचण्या एकत्र तपासल्या. फारसं काही न करणाऱ्यांपेक्षा पिलाटीस करणाऱ्यांचं दुखणं कमी झालेलं दिसलं. पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असं काही ठरलं नाही. तुला झेपेल आणि रोज होईल, तोच व्यायाम खरा.

एक खूण पक्की लक्षात ठेव. कळ पायातून वर कमरेकडे येऊ लागली तर बरं लक्षण. कमरेतून खाली पोटरीकडे उतरू लागली तर तिथेच थांब आणि फिजिओथेरपिस्टला सांग. लघवीवरचा ताबा गेला, बसतो ती जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर रात्र आहे की पहाट हे पाहू नकोस, तडक सर्वोपचार रुग्णालय गाठ.

आणि घाई करू नकोस. दुखणं आठवडाभरात उणं झालं की आपण बरे झालो असं वाटतं आणि व्यायाम सुटतो. स्नायूंना बळ यायला महिने लागतात. या सोमवारी एमआरआयची फाइल घेऊन जा. त्यांनी दोन प्रकार दिले तर दोनच कर, रोज कर. तिसरा त्यांनी सांगितल्यावर. पहिल्या दिवशी काय काय तपासलं, ते मला सविस्तर लिही. जावईबापूंना आणि लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या