मुळांवरच्या गाठी पाहून बियाणं निवडता येईल?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे हे मुलं पाठ करतात. पण झाडाला तो थेट घेता येत नाही, हे सांगायचं राहून जातं. मूग, उडीद, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठीत रायझोबियम जिवाणू राहतात. ते नायट्रोजन झाडाला चालेल असा करून देतात, बदल्यात साखर घेतात. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसली तर काम चालू आहे.

आपल्या मानखुर्दच्या शेजारीच ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथे किरणं देऊन पिकांचे नवे वाण तयार करतात. उडदाचा टीएयू-१ (१९८५) आणि भुईमुगाचा टीएजी-२४ (१९९१) तिथलेच. त्यांची ओळख मात्र उत्पन्नाची. गाठींसाठी निवड करणं किचकट आहे. दाणे मोजता येतात, गाठी पाहायला झाड उपटावं लागतं. शिवाय युरिया दिलेल्या जमिनीत झाड गाठी करायचा आळस करतं, मग चांगलं आणि आळशी झाड सारखंच दिसतं! म्हणून अशी पारख कमी नायट्रोजनच्या मातीतच करावी लागते. त्यात जिवाणूही जुळणारा हवा.

पालकहो, बागेतली माती दोन कुंड्यांत भरून मूग लावा. एकीत चिमूटभर युरिया टाका. पाच आठवड्यांनी दोन्हीकडची रोपं अलगद उपटा, मुळं धुवा आणि गाठी मुलांनाच मोजू द्या.