पार्टिशन सरकवण्याआधी

चि. मनू,

तुझा निरोप मिळाला. छापखान्यातल्या जुन्या एक्सपीवाल्या कॉम्प्युटरची डिस्क नव्या एसएसडीवर क्लोन केलीस, तरी मशीन अडखळतंय, म्हणून पार्टिशनची अलाइनमेंट बघायची म्हणतेस. संशय योग्य जागी आहे. पण आज रात्रीच जीपार्टेडने सरकवून टाकते असं लिहिलंस, ते तेवढं थांबव.

आधी आकडा बघ. सिस्टिम इन्फर्मेशन उघडून कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स इथवर गेलीस की ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ दिसेल. त्याला ४,०९६ ने भाग. भाग निःशेष गेला तर पार्टिशन जागेवर आहे आणि दुखणं दुसरं काहीतरी आहे. तुला बहुधा ३२,२५६ दिसेल, आणि भागाकार येईल ७.८७५.

हा आकडा येतो कुठून, ते समजून घे. जुन्या हिशोबात एका ट्रॅकवर ६३ सेक्टर धरत. पहिला ट्रॅक बूट रेकॉर्डसाठी सोडायचा आणि पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करायचं ही डॉसच्या काळातली रीत. एक्सपीनेही तीच चालवली. सेक्टर ५१२ बाइटचा होता तोवर त्यात काही अडत नव्हतं. पुढे हार्ड डिस्कवाल्यांनी ४,०९६ बाइटचे सेक्टर आणले, जानेवारी २०११ पासून नवी मॉडेलं तशीच काढायचं ठरवलं, आणि जुन्या सिस्टिम चालाव्यात म्हणून बहुतेक डिस्क बाहेरून ५१२ बाइटच सांगत राहिल्या. गोम तिथे आहे. एनटीएफएसचा क्लस्टरही सहसा ४,०९६ बाइटचाच असतो. पण सुरुवात ६३ वर असल्यामुळे प्रत्येक क्लस्टर दोन खऱ्या सेक्टरांच्या सांध्यावर बसतो, दोन फरश्यांवर अर्धवट ठेवलेल्या पाटासारखा. तेवढा एक क्लस्टर लिहायला डिस्क दोन्ही सेक्टर वाचते, त्यांतला भाग बदलते आणि दोन्ही पुन्हा लिहिते. एसएसडीत ४, ८, १६ केबींची पेजेस असतात, तिथेही हेच होतं, वर झीज होते ती वेगळी. क्लोन करताना तू ते ६३ जसंच्या तसं नव्या डिस्कवर आणलंस. व्हिस्टापासून पुढचं विंडोज नव्या डिस्कवर पार्टिशन सहसा २,०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करतं. म्हणजे १०,४८,५७६ बाइट. भागून बघ, बरोबर २५६.

आता महत्त्वाचं. अलाइनमेंट चुकलेली डिस्क हळू चालते, पण लिहिलेलं बिघडवत नाही. तेव्हा घाई करण्यासारखं काही नाही. पार्टिशन सरकवताना मात्र सगळं जाऊ शकतं. सुरुवात हलवायची म्हणजे आतला सगळा डेटा उचलून थोडा पुढे ठेवायचा. मोठ्या डिस्कवर हे काम तासन्‌तास चालतं. मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या. त्या छापखान्यात वर्षानुवर्षांच्या पत्रिका, अंकांची पानं, जुन्या फॉन्टांतल्या फायली आहेत. त्या पुन्हा जुळवत बसायला कोणाला वेळ आहे?

म्हणून मी सांगतो तसं कर. जुनी डिस्क अजून शाबूत आहे, हीच तुझी खरी जमा. तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. तिच्यातल्या कामाच्या फायलींची एक प्रत तिसऱ्या डिस्कवर घे आणि दहा-वीस फायली उघडून बघ. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. मग जीपार्टेडच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू कर, एसएसडीवर नवं पार्टिशन टेबल बनव (इथे एमएसडॉस प्रकारच निवड, जीपीटीवरून एक्सपी बूट होत नाही), जुन्या डिस्कचं पार्टिशन कॉपी करून एसएसडीच्या मोकळ्या जागेत पेस्ट कर. पेस्टच्या खिडकीत ‘अलाइन टू’समोर एमआयबी आहे ना, ते डोळ्यांनी बघ; ‘सिलिंडर’ निवडलंस तर जुनीच रीत परत येईल. ‘अप्लाय’ दाबण्याआधी कोणती डिस्क कोणती, ते नावावरून नको, आकारमानावरून आणि मॉडेलवरून ओळख. मशीन यूपीएसवर असू दे. शेवटी बूट फ्लॅग लाव, आणि पहिल्यांदा एक्सपी सुरू करताना जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेव, नाहीतर ड्राइव्हच्या अक्षरांचा गोंधळ होतो. सुरू नाहीच झालं तर एक्सपीच्या सीडीवरच्या रिकव्हरी कन्सोलमधून फिक्सएमबीआर आणि फिक्सबूट. सीडी आधीच शोधून ठेव.

मालकांना एक गोष्ट स्पष्ट सांग: एक्सपीला ट्रिम (कोणती जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवायची आज्ञा) कळत नाही, तेव्हा अलाइनमेंट सुधारली तरी त्या एसएसडीचा पुरा वेग मिळणार नाही. शिवाय ८ एप्रिल २०१४ पासून एक्सपीचा सपोर्ट बंद आहे, ते मशीन इंटरनेटला जोडू नये. त्यांचं डीटीपी सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत असेल तर माझं मत तिकडे जाण्याचं आहे. चालत नसेल तर हा मार्ग बरा. निर्णय त्यांचा, पण खरं चित्र त्यांच्यासमोर मांडणं तुझं काम.

झाल्यावर ऑफसेट पुन्हा बघ, चेकडिस्क चालव, आणि सगळ्यात जुनी नि सगळ्यात नवी फाईल मालकांसमोर उघड. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नकोस. तारीख लिहून त्यांच्याच कपाटात ठेवायला दे. आकडा काय आला ते कळव.

तुझा
मामा