गर्भाशयमुखातले कर्करोगाआधीचे बदल आणि त्यांवरचे उपचार



दहावीला शिकवतो ते स्त्री-प्रजननसंस्थेचं चित्र आठवा. गर्भाशय खाली निमुळतं होत योनीत उघडतं, ते गर्भाशयमुख. घरात आपण ‘पिशवीचं तोंड’ म्हणतो. वर्गात तिथून आपण भरभर पुढे जातो. पण स्टाफरूममधल्या आपण बायकांनी आणि मुलांच्या आयांनी इथे जरा थांबायला हवं. कारण तपासणीच्या रिपोर्टवर ‘पेशींत बदल’ असं आलं, की एक तर रिपोर्ट कपाटात जातो, नाहीतर ‘काढूनच टाका पिशवी’ असं घरचे म्हणतात. दोन्हीची गरज नसते.

आधी बदल म्हणजे काय ते पाहू. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग पुष्कळ जणींना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत निघूनही जातो. काहींच्यात तो टिकून राहतो आणि गर्भाशयमुखाच्या वरच्या आवरणातल्या पेशी बिघडू लागतात. भिंतीला जमिनीकडून ओल चढते ना, तसंच हे. ओल खालच्या एक तृतीयांश भागात असेल तर सीआयएन १, दोन तृतीयांशापर्यंत गेली तर सीआयएन २, त्याहून वर चढली तर सीआयएन ३. हा बिघाड भिंतीखालची जमीन फोडून खोल शिरला, तरच तो कर्करोग. तिथवर जायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. एचआयव्ही असेल तर कमी.

सीआयएन १ बहुधा आपोआप जातो, म्हणून त्यावर फक्त लक्ष ठेवतात. २ आणि ३ वर सहसा उपचार करतात. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र बाळंतपणापर्यंत थांबता येतं.

उपचार केलाच नाही तर काय होतं, हे न्यूझीलंडमध्ये फार वाईट पद्धतीने कळलं. ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६६ पासून डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी अशा स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता नुसती देखरेख ठेवली, तीही त्यांना नीट कल्पना न देता. पुढे चौकशी झाली. सीआयएन ३ असून पुरेसा उपचार न मिळालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाला. व्यवस्थित उपचार झालेल्यांत हेच प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं.

आता उपचार. क्रायोथेरपीत धातूचं टोक गर्भाशयमुखाला टेकवून तो भाग तीन मिनिटं गोठवतात, पाच मिनिटं थांबतात आणि पुन्हा तीन मिनिटं गोठवतात. (दाबाखालचा वायू एकदम प्रसरण पावला की थंड होतो, हे विज्ञानवाल्यांना सांगायला नको!) थर्मल अ‍ॅब्लेशनमध्ये उलट, सुमारे १०० अंश सेल्सिअसचं टोक २० ते ३० सेकंद टेकवतात. दोन्हींसाठी पूर्ण भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. मात्र पेशी तिथेच नष्ट होत असल्याने प्रयोगशाळेत पाठवायला काही उरत नाही. म्हणून बिघडलेला भाग पूर्ण दिसत असेल, आत नळीत गेलेला नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तरच हे करतात.

नाहीतर लीप. विजेच्या प्रवाहावर चालणाऱ्या तारेच्या बारीक फासाने तेवढा भाग कापून काढतात आणि तपासायला पाठवतात. जागा बधिर केली की पुरतं. शंका जास्त असेल तर भूल देऊन शंकूच्या आकाराचा तुकडा काढतात, त्याला कोनायझेशन म्हणतात. या दोन्हींनंतर पुढच्या गरोदरपणात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता थोडी वाढते. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

यात कुठेही गर्भाशय काढलेलं नाही, हे लक्षात आलं का? पाळी चालू राहते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा कर्करोगाची भीती घातल्याचं कित्येकींनी सांगितलं होतं. नुसतं अंगावरून पांढरं जाणं म्हणजे सीआयएन नव्हे. बायॉप्सीचा रिपोर्ट मागा, त्यावर आकडा कोणता आहे ते विचारा.

आणि हे सगळं आपल्याकडे होतं बरं का. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी आणि गरज पडली तर उपचार मिळाले, त्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. ते निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पालक विचारतात, मुलीला लस दिली, मग आईनेही घेतली तर बदल जातील का? नाही. लस नवा संसर्ग टाळते, झालेला बदल बरा करत नाही. आईने तिशीनंतर तपासणीच करून घ्यायची.

उपचारानंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, घाबरू नका. चार आठवडे शरीरसंबंध टाळा. जास्त रक्त गेलं, ताप आला किंवा घाण वास आला तर लगेच दवाखाना गाठा. आणि वर्षभराने पुन्हा तपासणी असते, ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.