न लिहिलेली ओळ

डिसेंबर २०२१. सकाळी पावणेआठला फोन वाजला. टी. नरसीपूरच्या एका राईस मिलच्या ऑफिसातून अक्का बोलत होत्या. त्यांना तिथे सगळेच अक्का म्हणतात, मीही म्हणतो. "सार्, काट्यावरचं फैल् ओपन् आग्तिल्ला," फाइल उघडत नाही, एवढंच बोलल्या. पण मागे ट्रॅक्टरांचे आवाज ऐकू येत होते आणि त्यावरूनच काय ते कळलं. भाताचा हंगाम होता. कावेरी आणि कपिलेच्या पाण्यावर पिकलेलं भात दारात येऊन उभं होतं आणि वजनकाट्याच्या संगणकाला पावती ऑफिसच्या फोल्डरात ठेवता येत नव्हती.

आदल्याच दिवशी, रविवारी, मी त्या ऑफिसचा सर्व्हर डेबियन या लिनक्स प्रणालीच्या आवृत्ती १० वरून ११ वर नेला होता. सगळं सुरळीत झालं म्हणून समाधानाने म्हैसूरला परतलो होतो. तीसेक किलोमीटरचा तोच रस्ता सोमवारी सकाळी पुन्हा कापताना पोटात गोळा आला होता. काय बिघडलं असेल याचा अंदाजच येत नव्हता. तो सर्व्हर मीच बसवला होता, तरी त्यात मी काय करून ठेवलंय हे मला आठवत नव्हतं.

माझं काम असं. म्हैसूर आणि आसपासच्या लहान ऑफिसांसाठी मी २०१९ साली डेबियनवर आधारलेली एक तयार प्रतिमा बनवली होती. पेन-ड्राइव्ह लावा, अर्ध्या तासात सर्व्हर उभा. आत हिशेबाचा बॅकअप, प्रिंटर, कन्नड टंकलेखन, आणि मुख्य म्हणजे सांबा. विंडोजच्या संगणकांना लिनक्सवरचे फोल्डर आपलेच वाटावेत अशी सोय करणारं हे सॉफ्टवेअर. एकूण अकरा ठिकाणी मी ही प्रतिमा बसवली. सांबा आत घातला आणि आपण मोठी सोय केली असं मानलं. तो कसा घातलाय, कुठली सेटिंग मूळची नाही, कुठली मी बदलली आणि का, यावर एक ओळही कुठे लिहिली नव्हती.

हे किती चुकीचं होतं ते समजायला सांबाचाच जन्म आठवावा लागतो. १९९१ च्या डिसेंबरात कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला आपला पीसी विद्यापीठाच्या युनिक्स यंत्राच्या डिस्कशी जोडायचा होता. दोन यंत्रं ज्या नियमांनी बोलत होती त्यांचे कागद त्याच्याकडे नव्हते. म्हणून तारेवरून जाणारे संदेश टिपायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि तसंच उत्तर देणारा प्रोग्राम लिहायचा, असं त्याने केलं. जानेवारी १९९२ मध्ये त्याने पहिली आवृत्ती बाहेर काढली. पुढे आधीचं नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं निघालं, तेव्हा संगणकातल्या शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने येणारे शब्द त्याने शोधले. त्यात 'सांबा' सापडला. एसएमबी हे त्या फाइल-वाटपाच्या भाषेचंच नाव.

आणि ती भाषा कागदावर मिळवायला पुढची पंधरा वर्षं गेली. ही माहिती मायक्रोसॉफ्टने इतरांना द्यावी असा निर्णय युरोपियन कमिशनने २००४ साली दिला, १७ सप्टेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात १०,००० युरो एकदाच भरून सांबाच्या मंडळींना ते दस्तऐवज करारावर मिळाले. विंडोजच्या डोमेनचा कारभार सांभाळू शकणारी सांबा ४.० ही आवृत्ती डिसेंबर २०१२ मध्ये आली. कुणीतरी लिहून न ठेवल्यामुळे इतरांना किती काळ तारेला कान लावून बसावं लागतं, त्याचं याहून मोठं उदाहरण माझ्या व्यवसायात नाही. असं सॉफ्टवेअर मी अकरा जणांच्या घरात नेलं आणि त्यांनाही तारेला कान लावायला बसवलं.

त्या सकाळी काट्याच्या खोलीत गेलो. भिंतीला टेकवलेला, धान्याच्या धुळीने पिवळा पडलेला विंडोज एक्सपीचा संगणक. काट्याचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालायचं. पडद्यावर नेटवर्कचा मार्ग सापडत नसल्याचा संदेश. बाहेर सहा ट्रॅक्टर उभे, आणि काट्यावरचा माणूस वजन वहीत लिहून घेत होता. दीड तास मी केबल, स्विच, आयपी पत्ते तपासत बसलो.

कारण साधं होतं. विंडोज एक्सपीला एसएमबीची फक्त पहिली, जुनी बोली येते. सांबाने सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या ४.११ आवृत्तीपासून ती मूळ सेटिंगमध्येच बंद करून ठेवली. डेबियन १० मध्ये सांबा ४.९ होता, डेबियन ११ मध्ये ४.१३. म्हणजे रविवारी मी ती सीमा ओलांडली होती. सांबाच्या मंडळींनी हे लपवलं नव्हतं, ४.११ सोबतच्या बदलांच्या टिपणात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. आणि काट्याचा संगणक याच जुन्या बोलीवर अवलंबून आहे ही गोष्ट माझ्याच हातून झालेल्या जोडणीत कुठेही नोंदलेली नव्हती. ती एक ओळ असती तर रविवारी मी थांबलो असतो.

जुनी बोली बंद का केली, तेही सांगतो, कारण पुढची चूक तिथेच झाली. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला वॉनाक्राय हा व्हायरस विंडोजमधल्या त्याच पहिल्या बोलीच्या भोकातून शिरला होता. त्याच महिन्यात सांबातही एक भोक उघड झालं. ज्या फोल्डरात बाहेरचा माणूस लिहू शकतो तिथे एक फाइल टाकून सर्व्हरकडूनच ती चालवून घ्यायची, असं. २०१० च्या ३.५ आवृत्तीपासून ते तिथे होतं. ही सगळी माहिती मला होती. तरीही दारात ट्रॅक्टर उभे असताना मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये किमान बोली म्हणून पुन्हा जुनी बोली लिहिली, सांबा पुन्हा सुरू केला, पावत्या उमटू लागल्या आणि सगळे खूश झाले.

ही सेटिंग संपूर्ण सर्व्हरला लागू होते. एका फोल्डरापुरती किंवा एका संगणकापुरती ती देता येत नाही. काट्यासाठी उघडलेलं दार सगळ्या ऑफिसासाठी उघडलं. शिवाय पासवर्डाची कटकट नको म्हणून मूळ प्रतिमेतच मी ऑफिसचा तो फोल्डर कुणाही पाहुण्याला लिहिता येईल असा ठेवला होता. त्या दिवशीही घाईत काहीच टिपलं नाही. दोन दिवसांनी येऊन नीट करतो असं म्हणालो आणि गेलो नाही.

मार्च २०२२ मध्ये कुणाचा तरी लॅपटॉप त्या ऑफिसच्या वाय-फायला जोडला गेला. त्यात खंडणी मागणारा व्हायरस होता. लिनक्स सर्व्हरला तो लागला नाही, पण त्याची गरजही नव्हती. पाहुणा म्हणून फोल्डरात लिहायची परवानगी असल्यामुळे त्या लॅपटॉपने बाहेरूनच एकेक फाइल वाचली, कुलूपबंद करून परत ठेवली. अक्कांनी मला यादी दाखवली. प्रत्येक बिलाच्या नावापुढे तेच अनोळखी शेपूट. शेवटचा बॅकअप एकोणीस दिवसांपूर्वीचा होता. मधली सगळी वजनं त्यांनी कागदी पावत्यांवरून पुन्हा भरली. संध्याकाळी उशिरापर्यंत बसून, आठवडाभर. मी शेजारी बसून पावत्या वाचून दाखवल्या. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचा त्रास आजही होतो.

तेव्हा मी माझ्या प्रतिमेतली सांबाच्या सेटिंगची फाइल उघडून बघितली. एकतीस ओळी. डेबियनसोबत येणारी मूळ फाइल अशी नसते. तिच्यात प्रत्येक भागावर टीप असते, आणि बंद ठेवलेल्या ओळींसाठी दोन वेगळ्या खुणा असतात. अर्धविरामाने बंद केलेली ओळ सांबाच्या मूळ वागण्यापेक्षा वेगळं काही सुचवते. हॅशने बंद केलेली ओळ म्हणजे सांबाचं मूळचंच वागणं, फक्त महत्त्वाचं म्हणून दाखवलेलं. दोन चिन्हांत केवढं सांगितलंय! ही फाइल ज्याने पहिल्यांदा अशी मांडली त्याला पुढे ती उघडणाऱ्या माणसाची काळजी होती. २०१९ मध्ये मी त्या सगळ्या टिपा 'पसारा' म्हणून पुसून टाकल्या होत्या.

जे कुणी शाळेसाठी, सहकारी सोसायटीसाठी, आपल्या गावच्या ऑफिसासाठी लिनक्सची तयार प्रतिमा बनवतात त्यांना मला कळकळीने सांगायचंय: सॉफ्टवेअर आत घालताना त्याच्याबरोबरचा कागदही घाला. डेबियनच्या नियमांत प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचं माहितीपान असावं अशी अपेक्षा आहे, आणि डेबियनने मूळ सॉफ्टवेअरपेक्षा वेगळं काही केलं असेल तर ते सांगायला पॅकेजमध्ये 'रीडमी.डेबियन' या नावाच्या फाइलची वेगळी जागा आहे. तुमच्या प्रतिमेसाठीही तशीच फाइल करा. त्यात सांबा म्हणजे काय हे लिहीत बसू नका, ते इतरांनी उत्तम लिहिलंय. तुम्ही मूळ रीतीपासून कुठे वळलात तेवढंच लिहा. आणि प्रत्येक वळणाशेजारी कारण आणि तारीख. 'काट्याचा संगणक एक्सपीवर आहे, म्हणून जुनी बोली चालू. तो बदलला की ही ओळ काढा.' काय केलंय ते सेटिंगमध्ये दिसतंच. का केलं ते करणाऱ्यासोबत जातं.

सांबा आत असला तरी तो आपणहून सुरू होऊ देऊ नका, आणि सुरू झाला तरी कुठलाही फोल्डर आपणहून वाटू नका. ज्याला हवं त्याने ठरवून उघडावं. पाहुण्यांना लिहायची परवानगी तर कधीच नको. पासवर्ड दिले की लोक वैतागतात, हे खरं; सांबाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डांपासून वेगळे ठेवले जातात आणि इथेच सगळे अडखळतात. एकात बदलला, दुसऱ्यात राहिला. पण ही अडचण दोन वाक्यांत लिहून संपते. मी ती दोन वाक्यं लिहायच्या ऐवजी दार उघडं ठेवलं होतं.

बदल केलात की सांबासोबतच येणारा 'टेस्टपार्म' हा तपासणीचा प्रोग्राम चालवा आणि त्याचं म्हणणं पूर्ण वाचा. सेटिंगच्या नावात एक अक्षर चुकलं तर सांबा अडत नाही, ती ओळ दुर्लक्षून पुढे जातो. टेस्टपार्म तेवढं बोलून दाखवतो. एका ठिकाणी फोल्डरावर घातलेलं माझं बंधन असंच दोन वर्षं नुसतं फाइलीत बसून होतं, लागू झालंच नव्हतं. पुसलेल्या फाइली वेगळ्या जागी सरकवणारा 'रिसायकल' नावाचा भाग सांबात आहे, तो जरूर लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. फाइल पुसली तरच तो कामाला येतो; तिच्यावरच दुसरं काही लिहिलं गेलं, तर नाही. बॅकअप अशा जागी हवा जिथे ऑफिसातल्या कुठल्याच विंडोजच्या संगणकाला लिहिता येत नाही.

काट्याचं काय केलं? नवं सॉफ्टवेअर घ्यायला मालकांना पुढच्या हंगामापर्यंत वेळ हवा होता. म्हणून एक लहान जुना संगणक घेतला, त्यावर फक्त काट्यासाठी सांबा ठेवला आणि काट्याचा संगणक वेगळ्या केबलने फक्त त्यालाच जोडला. मुख्य सर्व्हर दर पाच मिनिटांनी तिथल्या पावत्या स्वतः उचलून आणतो. जुनी बोली त्या खोलीबाहेर जात नाही. मुख्य सर्व्हरवर ती बंद आहे.

आणि कागद. पहिला मसुदा मी इंग्रजीत लिहिला, कारण हाताला तीच सवय. तो अक्कांपुढे ठेवला आणि म्हटलं, मी इथे नाही असं समजा, यातलं वाचून एक फाइल परत आणून दाखवा. तिसऱ्या ओळीवर त्या अडल्या. 'माउंट' करा असं मी लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, कशावर चढवायचं? मग दोघांनी मिळून तो कन्नडमध्ये लिहिला, चार पानांत. मी तोंडाने सांगायचं, त्यांनी आपल्या शब्दांत उतरवायचं, आणि जिथे त्यांचा हात थांबेल तिथे माझंच सांगणं कच्चं आहे असं धरायचं. निपाणीच्या माझ्या मावसभावाच्या तंबाखूच्या वखारीत हीच प्रतिमा आहे. तिथे तीच पानं मराठीत केली. डेबियनचा इन्स्टॉलर मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे, पण आपल्या ऑफिसातलं वळण आपल्यालाच आपल्या भाषेत लिहावं लागतं. अकराही ठिकाणी मी पुन्हा गेलो. चार ठिकाणी पाहुण्याचं दार तसंच उघडं सापडलं.

१० जून २०२३ रोजी डेबियन १२ आलं. काही महिने थांबलो, त्याच्यासोबतची टिपणं वाचली आणि एका रविवारी नरसीपूरला गेलो. संगणकाच्या टेबलाला प्लास्टिकच्या पिशवीत ती चार पानं टाचलेली होती. मी खुर्ची ओढली तशी अक्कांनी पिशवीतून तिसरं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या: नवी आवृत्ती घालण्याआधी काट्याच्या खोलीत जाऊन बघावं, जुना संगणक अजून आहे का. मी उठलो आणि बघायला गेलो.