आरोग्याच्या नावाने विकले जाणारे अन्न : एक अभ्यास



आमचा व्यवसाय ठोक धान्याचा. पोत्याला बंबू मारून तळहातावर घेतलेल्या मूठभर दाण्यांवरून मालाची परीक्षा करावयाची, ही आमच्या धंद्यातील पहिली विद्या होय. परंतु हल्ली आपल्या दुकानांत असा पुष्कळ माल येतो, की ज्याचा दाणा दृष्टीस पडतच नाही. दिसते ते केवळ पुडके आणि त्यावरील ‘आरोग्यदायी’, ‘बहुधान्य’, ‘साखरविरहित’, ‘नैसर्गिक’ अशी विशेषणे. गिऱ्हाईक या विशेषणांचे जादा दाम मोजते. तेव्हा त्यांत तथ्य किती, हे तपासून पाहणे आपले कर्तव्यच ठरते. आम्ही वैद्य नव्हे. पथ्य सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण धान्याचे काय काय होते, हे मात्र आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत.

हा विषय आपल्या घरापर्यंत आलेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे, आणि त्याचे सर्वाधिक प्रमाण, म्हणजे २६.४ टक्के, गोव्यात आढळले. गादीवर बसून दिवस काढणाऱ्या आपल्या वर्गाने तर विशेष सावध राहावयास हवे. आमच्या वयाचे कितीतरी गृहस्थ गल्ल्याशेजारी गोळ्यांची डबी ठेवून बसतात, आणि चहाबरोबर ‘पथ्याची’ बिस्किटे खातात.

१. पांढऱ्या तांदळाचा धडा

पांढरे ते स्वच्छ, आणि स्वच्छ ते हितकर, अशी समजूत पूर्वी सर्वत्र होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बेरीबेरी या रोगाने माणसे लुळी पडत असत. तेथे काम करणारे डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांच्या असे ध्यानात आले, की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना तशाच प्रकारचा रोग जडतो, आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास त्या बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. गिरणीत जो कोंडा व अंकुर आपण निराळा काढतो, त्यातच ‘ब’ वर्गातील थायमिन नावाचे जीवनसत्त्व असते, हे पुढे सिद्ध झाले.

आपल्या कोकण-गोव्याचा उकडा तांदूळ या बाबतीत सुरक्षित ठरतो. भात तुसासकट भिजवून उकडले असता कोंड्यातील जीवनसत्त्वाचा बराचसा अंश दाण्याच्या आत उतरतो, आणि नंतर सडले तरी तो टिकतो. मात्र येथेही विवेक हवा. हातसडीचा असो वा उकडा असो, तांदळाचा मुख्य भाग पिष्टच असतो. ‘हा तांदूळ साखर वाढवीत नाही’ असे सांगून दुप्पट भात वाढून घेणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

२. तपकिरी पाव व पाचक बिस्किटे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम, तर तेवढ्याच मैद्यात ३ ग्रॅमहूनही कमी तंतुद्रव्य दिले आहे. दोहोंचा गहू एकच. फरक केवळ कोंडा राखण्याचा. परंतु पाव तपकिरी दिसला म्हणजे तो कणकेचाच, असे नव्हे. जळक्या साखरेचा रंग मैद्यालाही तपकिरी करतो. ‘पाचक’ म्हणविणाऱ्या बिस्किटांतही अनेकदा मैदा प्रथम, साखर व तेल त्यानंतर, आणि ज्याच्या नावावर ती खपतात तो कोंडा बराच खाली असतो.

याची पारख सोपी आहे. कायद्याप्रमाणे पुडक्यावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिले नाव ज्याचे, तोच खरा माल. मुखपृष्ठावरील चित्र हा त्याचा वेष.

३. बहुधान्य पीठ व भरडधान्याचे पदार्थ

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. ज्वारी, बाजरी व नाचणी यांना पुन्हा मान मिळाला, याचा आम्हांस आनंदच आहे. उपरोक्त कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इतर कोणत्याही नित्याच्या तृणधान्यात ते इतके नाही. पण हा गुण नाचणीच्या भाकरीचा आहे. मैदा, साखर व तेल यांत मूठभर नाचणी मिसळून केलेल्या बिस्किटाला तो आपोआप लाभत नाही. बहुधान्य पिठाचेही तसेच. पाच-सात धान्यांची नावे असली, तरी ९० टक्के गहू असेल तर ते गव्हाचेच पीठ होय. ते वाईट नव्हे, पण त्याचे दाम गव्हाप्रमाणेच असावेत.

४. गूळ, फळांचा रस आणि ‘साखरविरहित’

गूळ साखरेपेक्षा कमी शुद्ध केलेला असतो, म्हणून त्यात थोडे क्षार उरतात, हे खरे. तथापि त्याचा फार मोठा भाग साखरच आहे. मधुमेही माणसाने चहात साखरेऐवजी गूळ घातला, तर चव पालटते, रोग पालटत नाही. मध आपल्याकडे वर्ज्यच असल्याने त्याचा विचार येथे करीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले, की वरून घातलेली साखर तसेच मध व फळांच्या रसांतील साखर मिळून आहारातील एकंदर उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची होते. रसाच्या खोक्यावर १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर छापली असेल, तर २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात २२ ग्रॅम झाली. फळ चावून खाल्ले, तर चोथाही पोटात जातो व मनुष्य एका फळावर थांबतो. रसाच्या पेल्यात तीन-चार फळे सहज रिचतात.

‘साखरविरहित’ बिस्किटांत साखर नसली, तरी मैदा असतो, आणि मैद्याची पोटात साखरच होते. शिवाय गोडीसाठी घातलेली पोलिऑल जातीची द्रव्ये अधिक प्रमाणात खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात.

५. वनस्पती तुपाचा अनुभव

वनस्पती तूप हे शुद्ध शाकाहारी व स्वस्त म्हणून घरोघरी पोहोचले. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना जी ट्रान्स मेदाम्ले उत्पन्न होतात, ती हृदयाला घातक असल्याचे पुढे निश्चित झाले. भारतात त्यांची मर्यादा २०२१ च्या प्रारंभी ३ टक्के व २०२२ च्या प्रारंभी २ टक्के करण्यात आली. अन्न शाकाहारी असणे आणि आरोग्यदायी असणे, या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत.

आपले कर्तव्य

सभासद बंधूंनी पुढील चार गोष्टी पाळाव्यात, अशी विनंती आहे. नवा माल घेताना मुखपृष्ठ न वाचता पाठीमागील घटकांची यादी वाचावी. मधुमेही गिऱ्हाइकास कोणताही पदार्थ औषध म्हणून देऊ नये. आहाराविषयी डॉक्टरांस विचारावयास सांगावे. हातसडीच्या तांदळाच्या कोंड्यात तेल असल्याने तो लवकर खवट होतो. म्हणून तो बेताने भरावा आणि जुना माल नवा म्हणून देऊ नये. आणि घरातील भगिनींनी मुलांच्या डब्यात पुडक्याऐवजी भाकरी, उसळ, भाजलेले चणे-शेंगदाणे यांना स्थान द्यावे.

या चार गोष्टी पाळल्याने खपात थोडी घट येईल, हे आम्ही जाणून आहोत. पण ज्याच्या वडिलांनी आपल्या वडिलांकडून धान्य नेले, तो मनुष्य आपल्या शब्दावर माल नेतो. ती पत राखणे हाच आपल्या पेढीचा मुद्दल आहे. नफा त्यावरच उभा राहतो.