रेकॉर्डिंगचा बॉक्स घेताना

३१ मार्च २०१३ च्या मुदतीत पुणे, नागपूरबरोबर आमच्या नाशिकचंही केबल डिजिटल झालं आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. त्यांतल्या बऱ्याच बॉक्सना मागे यूएसबीचं भोक असतं. ते कशासाठी, हे फारसं कुणी विचारत नाही. सासूबाईंचं भजनी मंडळ आणि त्यांची मालिका एकाच वेळेवर आली, तेव्हा मी विचारलं. त्यानंतर जे कळत गेलं ते असं.

१. आधी माणूस बघा, मग बॉक्स. मालिका चॅनेलच्या अ‍ॅपवर असते, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हाही लागते. मग रेकॉर्डिंग हवंच कशाला? आमच्याकडे उत्तर सरळ होतं : आईंना मोबाईलवर मालिका बघणं आवडत नाही आणि दुपारी त्या झोपतात. शिवाय सह्याद्रीवरचे काही कार्यक्रम एकदा हुकले की हुकले. तुमच्या घरात असं कुणीच नसेल, तर पैसे वाचवा.

२. भोक दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग होतं असं नाही. काही बॉक्समध्ये ते फक्त फोटो-गाणी लावायला असतं, काहींत नुसतं सॉफ्टवेअर भरायला. काहींत सोय असते, पण केबल कंपनीने ती बंद ठेवलेली असते. केबलवाल्याचा मुलगा “होतं की ताई, सगळं होतं” म्हणतो. त्याला त्याचाच पेन ड्राइव्ह लावून पाच मिनिटं रेकॉर्ड करून दाखवायला सांगायचं. महिन्याला त्याचे वेगळे पैसे पडतात का, हेही तेव्हाच विचारायचं.

३. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ट्यूनरचा, आणि तोच कुणी विचारत नाही. ट्यूनर एका वेळी एकच फ्रीक्वेन्सी पकडतो. एकच ट्यूनर असेल, तर आईंची मालिका रेकॉर्ड होत असताना यांनी मॅच लावली की बॉक्स विचारतो : रेकॉर्डिंग थांबवू का? घाईत कुणीतरी ‘हो’ दाबतं. टाटा स्कायने २००८ मध्ये प्लस बॉक्स आणला, त्यात आतच हार्ड डिस्क आणि दोन ट्यूनर होते. एक चॅनेल रेकॉर्ड करायचं, दुसरं बघायचं. पण त्यासाठी छपरावरच्या डिशपासून दोन वायरी खाली आणाव्या लागत. केबलला एकच वायर पुरते, पण आपल्याकडच्या साध्या बॉक्समध्ये ट्यूनर बहुधा एकच.

यातही एक पळवाट आहे. केबलच्या वायरीतून चॅनेलं सुटीसुटी येत नाहीत. आठ मेगाहर्ट्झच्या एकेका पट्ट्यात डझनभर तरी साधी चॅनेलं कोंबलेली असतात, एचडी असतील तर कमी. ज्या पट्ट्यातलं चॅनेल रेकॉर्ड होतंय, त्याच पट्ट्यातलं दुसरं बघायला काही बॉक्स मुभा देतात. आमचा देतो. मेनूमध्ये सिग्नलच्या पानावर चॅनेलची फ्रीक्वेन्सी दिसते. मी एका रविवारी बसून आमच्या नेहमीच्या चॅनेलांची यादी केली आणि टीव्हीच्या कपाटाला आतून चिकटवली. यांनी आधी चेष्टा केली. आता तेच कपाट उघडून बघतात.

४. डिस्क मोठी हवी, हा गैरसमज. साधं चॅनेल सेकंदाला दोनेक मेगाबिट खातं, म्हणजे तासाला एक जीबीच्या आत-बाहेर. एचडी आठ मेगाबिटने धरलं तर तासाला साडेतीन जीबीहून थोडं जास्त. रोजची अर्ध्या तासाची मालिका महिनाभर साठवली, तरी साध्या दर्जात पंधरा जीबी. साठवायची कुणाला असते? बघितली की पुसायची. स्वस्त पेन ड्राइव्ह मात्र नको. लिहिण्याचा वेग कमी पडला की चित्र अडखळतं. बाहेरची छोटी हार्ड डिस्क लावणार असाल तर विजेचा हिशेब बघा. यूएसबी २.० च्या भोकातून नियमाने ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त मागते. मग ती टकटक करते आणि बॉक्स ‘डिस्क सापडत नाही’ म्हणतो. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क घेतली की हा त्रास मिटतो. बॉक्स आधी ती फॉरमॅट करून घेतो, तेव्हा लग्नाचे फोटो असलेली डिस्क लावू नका.

५. भिंतीवरचं बटण. झोपताना, बाहेर जाताना टीव्हीचं मेन बटण बंद करायचं, ही आपल्या घरांची शिस्त. रेकॉर्डिंगवाला बॉक्स स्टँडबायवर लागतो. आम्ही त्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे. इन्व्हर्टरची लाइनही तिथे घेतली, कारण टायमर लावलेल्या वेळेला लाइट गेली की संपलं.

६. टायमरला पुढे-मागे जागा सोडा. आधी दोन मिनिटं, नंतर दहा. शेवटची दोन मिनिटं कापली गेली तर आदल्या पंचवीस मिनिटांना अर्थ नसतो. मालिकेत जे घडतं ते तिथेच घडतं. महाएपिसोड असेल तर वेळ हाताने टाका. क्रिकेटसाठी तास-दीड तास जादा ठेवा.

७. वायर तपासा. दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला की प्रत्येक टोकाला सिग्नल निम्म्याहूनही कमी उरतो. समोर बसून बघताना चित्राचे चौकोन पडले की आपण वायर हलवतो. रेकॉर्ड होताना तिथे कुणीच नसतं. सासूबाई परत येतात, चहा घेऊन बसतात आणि नायिकेचं तोंड चौकोन-चौकोन. “अगं, हिनं सही केली की नाही?” याचं उत्तर माझ्याकडे नसतं.

८. या रेकॉर्डिंगला कुलूप असतं. बहुतेक बॉक्स ते सांकेतिक करून लिहितात. ती डिस्क संगणकाला लावली तर काही दिसत नाही, शेजारच्या तशाच बॉक्सवरही चालत नाही. बॉक्स बिघडून बदलून मिळाला की जुनं सगळं गेलं. चॅनेलांचे हक्क ज्यांचे आहेत त्यांना तसंच हवं असतं, आणि मालिकेपुरतं माझंही काही म्हणणं नाही. पण गणपतीत इथल्या केबल चॅनेलने सोसायटीचा कार्यक्रम दाखवला, त्यात माझ्या भाचीचा नाच होता. तो रेकॉर्ड करून ठेवण्यापेक्षा मी पेन ड्राइव्ह घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी मूळ फाइल काढून दिली, पैसेही घेतले नाहीत. फक्त लवकर येत जा म्हणाले, कारण तेही जुनं पुसतात.