लहानग्यांना 'लायन किंग' दाखवावा का?

मंडळातल्या तरुण आईवडिलांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. १९९४ सालच्या या ८८ मिनिटांच्या चित्रपटाला अमेरिकेत 'जी' प्रमाणपत्र आहे. त्याचा अर्थ सर्व वयांना प्रवेश, एवढाच. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तो झेपेलच असे नाही. गाणी छान आहेत, मुले ठेका धरतात. पण स्कार सख्ख्या भावाला, मुफासाला, कड्यावरून बेफाम कळपात ढकलतो आणि छोटा सिम्बा मेलेल्या वडिलांना उठवू पाहतो. वर काका त्यालाच दोषी ठरवतो! तीन वर्षांच्या मुलाला मरण कळत नाही. बाबा उठत नाहीत, हे मात्र नेमके कळते.

माझ्या मते पाच वर्षांपर्यंत नुसती गाणी पुरेत. तरीही दाखवायचाच असेल, तर आधी स्वतः पाहावा आणि मग मुलाला मांडीवर घेऊन दोन बैठकांत दाखवावा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १ तासाचीच मर्यादा सुचवली होती. भीती बरेचदा संगीताने वाढते, तेव्हा आवाज कमी ठेवावा. रात्री "सिम्बाचे बाबा कुठे गेले?" असे विचारलेच, तर थोडक्यात, खरे आणि मराठीतच सांगावे.